विणकामाचे नमुने: कोणती वीण कशासाठी, हे आधी तुकड्यावर ठरवा

सुलट टाका येतो, उलट येतो, टाके घालता येतात आणि बंद करता येतात, इथवर पोचलेल्यांसाठी हा लेख आहे. यानंतर बहुतेक जणी मोबाइलवर एखाद्या सुंदर स्वेटरचा फोटो पाहतात, लोकर आणतात आणि थेट पाठीचे टाके घालायला बसतात. महिन्याभराने कळतं की मफलर दोन्ही बाजूंनी गुंडाळतोय, टोपी भुवयांवर उतरतेय आणि वेणीच्या डिझाइनचा स्वेटर छातीवर बसतच नाही. विणण्यात चूक नसते. ती वीण त्या कामाची नसते, एवढंच.

म्हणून मोठं काम हाती घेण्याआधी आठ-नऊ विणींचे छोटे तुकडे विणून ठेवा. प्रत्येक तुकडा हातात घेऊन त्याला चार प्रश्न विचारायचे: कडा गुंडाळतात का? कुठल्या दिशेला ताणतो, आणि सोडल्यावर परत येतो का? मागची बाजू लोकांना दिसली तर चालेल का? लोकर किती खातो? उत्तरं मिळाली की त्या विणीचं काय करायचं ते वेगळं शिकावं लागत नाही.

१. सामान जमवा

- लोकर: डबल निट जाडीची (लेबलवर बहुधा ‘डीके’ लिहिलेलं असतं), फिक्या रंगाची, ५० ग्रॅमचे ३ गुंडे. शिवाय त्याच जातीचा दुसऱ्या रंगाचा १ गुंडा.
- सुया: ४ मिमीची एक जोडी, ३.२५ मिमीची एक जोडी आणि सातव्या भागासाठी ५ मिमीची एक जोडी.
- वेणीसाठी दोन्हीकडे टोक असलेली एक छोटी सुई. नसेल तर मोजे विणायच्या संचातली एक सुई चालते.
- न गंजणाऱ्या टाचण्या, स्वेटर शिवायची बोथट सुई, चार-सहा सेफ्टी पिना.
- शाळेची कडक पट्टी. शिवणकामाची जुनी टेप ताणलेली असते, ती इथे नको.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
- वही आणि पेन.

काळी किंवा गडद निळी लोकर शिकताना घेऊ नका. त्यात टाके दिसत नाहीत, रात्री ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाहीत. मऊ फर सुटलेली लोकरही नको, ती उसवताना गुंतते.

सुयांच्या नंबरांत मोठा घोळ आहे. आपल्याकडे घरोघरी असलेल्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ नंबर म्हणजे ५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात, तिथे ६ नंबर ४ मिमीचा आणि ८ नंबर ५ मिमीचा. त्यामुळे न्यू जर्सीच्या मावशीने पाठवलेल्या पॅटर्नमध्ये ‘८ नंबर’ असेल आणि तुम्ही कपाटातली ८ नंबरची सुई काढलीत, तर सबंध स्वेटर आखडणार. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. सुईवरचा आकडा पुसला गेला असेल तर दुकानात भोकं पाडलेली मापपट्टी मिळते, ती घेऊन ठेवा.

लोकर सुटी, वजनावर घेतली असेल आणि दुकानदार ‘प्युअर वूल आहे ताई’ म्हणत असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ती आपोआप विझू लागते आणि राख बोटांत चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि टोकाला कडक गोळी राहते. अॅक्रिलिक वाईट असं मी म्हणत नाही. बाळाच्या कपड्यांना ते धुवायला सोपं पडतं. पण पुढे धुणं आणि इस्त्री यांत दोघांचे नियम वेगळे आहेत, म्हणून माहीत हवं.

२. तुकडा केवढा विणायचा

३० टाके घाला. ४ मिमीच्या सुईवर या जाडीच्या लोकरीत १० सेंमीमध्ये साधारण २२ टाके बसतात, म्हणजे तुकडा साडेतेरा सेंमीच्या आसपास रुंद होईल. उंचीही तेवढीच होईपर्यंत विणा. दहा टाक्यांची चिंधी विणून माप घेण्यात अर्थ नाही, कारण कडेचे दोन-तीन टाके नेहमी वेडेवाकडे असतात आणि ते हिशेब बिघडवतात. माप कायम मधल्या भागात घ्यायचं.

जुन्या जाणत्या बायका ‘दहा सुया वीण’ म्हणतात तेव्हा त्यांना दहा ओळी अभिप्रेत असतात. मी पुढे ओळ असंच लिहिलं आहे.

आणखी एक: तुकडा शांतपणे विणा, पण मुद्दाम जपून, नीटस विणू नका. टीव्ही बघत, गप्पा मारत स्वेटर विणणार असाल तर तुकडाही तसाच विणा. परीक्षेला बसल्यासारखा घट्ट हात ठेवून विणलेल्या तुकड्याचं माप नंतर कधीच जुळत नाही.

३. पाया: तीन विणी, ज्यांच्याशिवाय काही होत नाही

*सगळ्या ओळी सुलट.* ही पहिली. दोन ओळी मिळून एक आडवा कंगोरा तयार होतो. ३० टाके आणि ३० कंगोरे झाले की तुकडा जवळजवळ चौरस होतो, त्यामुळे चौकोन जोडून दुपटं करायचं असेल तर हिच्याइतकी सोपी वीण नाही. कडा मुळीच गुंडाळत नाहीत. दोन्ही बाजू सारख्या. उभी ताणून बघा, बरीच लांबते; म्हणून जड कोटाला ही वीण वापरली तर तो खाली लोंबतो. मफलर, दुपटं, बाळाच्या टोपड्याची कड, स्वेटरची पुढची पट्टी, या सगळ्याला उत्तम. उंची मात्र सावकाश वाढते, तेव्हा धीर धरा.

*एक ओळ सुलट, एक ओळ उलट.* दुकानातल्या स्वेटरवर जी गुळगुळीत वीण दिसते ती ही. दर्शनी बाजूला व्हीच्या आकाराचे टाके, मागे मण्यांच्या ओळी. हिचा तुकडा सुईवरून उतरला की लगेच गुंडाळायला लागतो: उभ्या कडा मागच्या बाजूला, वरची-खालची कड पुढच्या बाजूला. हा तुमच्या हाताचा दोष नाही. सगळे सुलट एका बाजूला आणि सगळे उलट दुसऱ्या बाजूला असल्याने दोन्ही बाजूंची ओढ असमान होते. इस्त्री फिरवून किंवा कडेला दोन टाक्यांची पट्टी देऊन हे थांबेल असं वाटतं. थांबत नाही, फार तर थोडं कमी होतं.

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा सापळा इथेच आहे: या विणीचा मफलर. तो विणताना झरझर होतो, फोटोत देखणा दिसतो, आणि गळ्यात घातला की त्याची नळी होते. ही वीण तिथे वापरा जिथे कडा शिवणीत जातात किंवा त्यांना बॉर्डर लागते: स्वेटरची पाठ, बाही, मोज्याचं पाऊल, उशीचा अभ्रा.

*दोन सुलट, दोन उलट.* आपण हिला सरळ ‘बॉर्डर’ म्हणतो. ३० टाक्यांवर विणायची म्हणजे ओळ दोन सुलट टाक्यांनी सुरू होते आणि दोन सुलट टाक्यांनीच संपते; उलटून घेतल्यावर दोन उलटने सुरू करा. पुढे पाठ करायची गरज नाही, समोर व्ही दिसला की सुलट आणि मणी दिसला की उलट. तुकडा बंद केल्यावर बघा, तेवढेच टाके असून तो पहिल्या दोन तुकड्यांपेक्षा किती अरुंद झाला. आडवा ताणा, सोडा, पुन्हा जागेवर येतो. स्वेटरचा घेर, मनगट, गळा, मोज्याची वरची पट्टी, कानटोपी: जिथे अंगाला धरून राहायला हवं तिथे ही.

तिचाच दुसरा तुकडा बारीक, म्हणजे ३.२५ मिमीच्या सुईवर विणा आणि दोन्ही शेजारी ठेवा. बॉर्डरला दोन नंबर बारीक सुई का घ्यायची हे समजावून सांगायला लागणार नाही. बारीक सुईवरची बॉर्डर घट्ट आणि टिकाऊ असते, मोठ्या सुईवरची दोन धुण्यांत फेंगडते. टाके बंद करताना मात्र हात सैल सोडा, नाहीतर बॉर्डर कितीही लवचीक असली तरी गळा डोक्यातून जात नाही. लहान मुलांच्या स्वेटरमध्ये हे हमखास होतं.

एक सुलट एक उलटचाही तुकडा करा. मोज्यांना आणि नाजूक गळ्यांना ती छान दिसते, पण कानटोपीला मी दोन-दोनच घेते. पकड चांगली येते आणि विणताना हातही कमी थकतो.

४. साबुदाणा आणि चटई

साबुदाण्यासाठी ३० ऐवजी ३१ टाके घ्या, विषम संख्या हवी. प्रत्येक ओळ एक सुलट, एक उलट अशी, सुरुवात दरवेळी सुलटनेच. दुसऱ्या ओळीपासून खूण अशी: दिसेल त्याच्या विरुद्ध करायचं. व्ही दिसला तर उलट, मणी दिसला तर सुलट. हे विसरून दिसेल तसं विणलं की खाली साबुदाणा आणि वर बॉर्डर होते, आणि चार बोटं विणून झाल्याशिवाय ते लक्षातही येत नाही. तुकडा सपाट, भरीव, दोन्ही बाजू सारख्या. कॉलर, बटणपट्टी, खिसा, पर्सचा पदर, बाळाचं लाळेरं यांना फार शोभते. दर टाक्याला धागा पुढे-मागे करावा लागतो म्हणून वेळ जातो. सबंध मोठा स्वेटर या विणीत करायचा विचार असेल तर दोनदा करा.

चटईची वीण दिसते अवघड, असते सोपी. ३० टाके. पाच सुलट, पाच उलट असं सहा ओळी, दोन्ही बाजूंनी तसंच. मग पाच उलट, पाच सुलट असं सहा ओळी. पुन्हा पहिल्यापासून. चौकडे उठून येतात, कडा सपाट राहतात आणि मागची बाजूही पुढच्यासारखीच. बाळंतविड्यातल्या दुपट्यासाठी माझी पहिली निवड हीच असते: ऊब आहे, भोकं नाहीत, कुठल्याही बाजूने पांघरलं तरी चालतं.

५. वेणी

३० टाक्यांवर दोन वेण्या बसतात. दर्शनी बाजूची ओळ: ६ उलट, ६ सुलट, ६ उलट, ६ सुलट, ६ उलट. मागच्या बाजूला जसे दिसतील तसे. तिसऱ्या ओळीत प्रत्येक सुलट पट्टीवर पीळ घाला: पहिले तीन टाके छोट्या सुईवर काढून पुढे लटकत ठेवा, पुढचे तीन सुलट विणा, मग छोट्या सुईवरचे तीन सुलट विणा. असाच पीळ दर आठ ओळींनी, म्हणजे ११व्या, १९व्या, २७व्या ओळीत. छोटी सुई पुढे धरली की पीळ डावीकडे झुकतो, मागे धरली की उजवीकडे. एका वेणीत दरवेळी एकच बाजू धरायची. स्वेटरच्या मध्यापासून दोन्हीकडे वेण्या असतील तर डावी एका बाजूची आणि उजवी दुसऱ्या बाजूची केली की छान दिसतं.

नवखी माणसं पिळाला घाबरतात. पीळ सोपा आहे, घाबरायचं असेल तर रुंदीला घाबरा. वेणी टाके आत ओढते. साध्या विणीच्या टाक्यांवर मध्ये वेण्या घुसवल्या की स्वेटर त्या भागात आक्रसतो. म्हणून वेणी घालायची तेव्हा टाके वाढवावे लागतात, आणि किती वाढवायचे हे फक्त तुकडा सांगतो. वेणीचा तुकडा साध्या तुकड्यावर ठेवून पाहा, फरक डोळ्यांनी दिसेल. लोकरही जास्त लागते. दोन्ही तुकड्यांचं वजन आणि माप वहीत लिहा.

थर जाड होतो, मध्ये हवा राहते, त्यामुळे ऊब भरपूर. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अॅरन बेटांचे पांढुरके वेण्यांचे स्वेटर यासाठीच नावाजलेले. (प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी, बुडालेला कोळी तिच्यावरून ओळखायचे, ही गोष्ट दुकानदार रंगवून सांगतात. तिला इतिहासात आधार नाही.) लेह-मनालीला जायचं असेल तर वेण्यांचा स्वेटर जरूर करा. मुंबई-रत्नागिरीत तो कपाटात राहील; तिथे उशीच्या अभ्र्यावर किंवा पर्सवर वेणी घाला. बाळाच्या पाठीवर वेणी नको, झोपताना रुतते.

६. जाळी

३० टाके. पहिली ओळ: १ सुलट, मग ‘धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र सुलट’ हे शेवटचा टाका उरेपर्यंत, १ सुलट. दुसरी ओळ सगळी उलट. तिसरी सुलट, चौथी उलट. पुन्हा पहिल्यापासून.

धागा पुढे घेतला की एक टाका वाढतो, दोन एकत्र केले की एक कमी होतो. दोन्ही जोडीने झाले तरच संख्या टिकते. नवख्या हातून धागा पुढे घ्यायचा राहतो आणि टाका गळतो. जाळीच्या प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. कंटाळा येतो, पण दहा ओळी उसवण्याचा कंटाळा याहून मोठा. मोठ्या शालीत दर आठ-दहा ओळींनी शिवायच्या बारीक दोऱ्याचा एक फेरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवतात. चुकलं तर उसवणं त्या दोऱ्यापाशी थांबतं. हे तुकड्यावरच करून बघा.

साध्या ओळी गाळून दर दुसऱ्या ओळीला जाळी घातली आणि दरवेळी एकाच प्रकारे दोन टाके एकत्र केले, तर तुकडा तिरका होतो. चौकोन घालायला निघालात आणि पतंग झाला असं होईल. उपाय: एका जाळीच्या ओळीत ‘दोन एकत्र सुलट’, पुढच्या जाळीच्या ओळीत ‘एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा, न विणलेला त्यावरून उतरवा’. झुकाव एकमेकांना मारतात.

जाळीचा तुकडा सुईवरून काढल्यावर सुरकुतलेला, गबाळा दिसतो. त्यावरून मत बनवू नका. भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवल्यावर तिची नक्षी उघडते. खऱ्या लोकरीत ती तशीच राहते, अॅक्रिलिकमध्ये बरीचशी परत मिटते. म्हणून लग्नात द्यायची जाळीची शाल असेल तर लोकरीवर थोडे जास्त पैसे घाला. आपल्या हवेत सुती धाग्यातली जाळी खरी कामाची: संध्याकाळी खांद्यावर टाकायला, गाडीत एसीत पांघरायला. तान्ह्या बाळासाठी मोठ्या भोकांची जाळी नको, बोटं अडकतात.

७. सरकवलेले टाके आणि दोन रंग

इथे थोडक्यात सांगते, कारण या विणी सवय झाल्यावरच आवडतात.

३० टाके. दर्शनी ओळ: एक सुलट, मग धागा पुढे आणून पुढचा टाका न विणताच उजव्या सुईवर घ्या, धागा मागे न्या, असंच शेवटपर्यंत. मागची ओळ: एक उलट, मग धागा मागे नेऊन पुढचा टाका न विणता घ्या, धागा पुढे आणा. हातमागावरच्या कापडासारखी घट्ट पोत येते, ताण जवळपास नाही, कडा सरळ. बाजाराची पिशवी, चष्म्याचं घर, कमरपट्टा. हिला ४ ऐवजी ५ मिमीची सुई द्या, नाहीतर पुठ्ठा होतो.

दोन रंगांच्या नक्षीत (शेटलंडमधल्या फेअर आयल बेटाच्या नावाने ती जगभर ओळखतात) न लागणारा रंग मागून मोकळा धावत राहतो. हा मागचा धागा घट्ट ओढलात की कापड चुण्या पडून आखडतं. पाच टाक्यांपेक्षा लांब गेला तर बोटात, अंगठीत अडकतो. म्हणून लांब टप्प्यात तो मधेच विणणाऱ्या धाग्याखाली अडकवून घ्यायचा. आतल्या बाजूला अस्तर नसेल तर ही नक्षी हातमोज्यांना आणि बाळाच्या कपड्यांना टाळा. टोपीला चांगली, कारण दोन धाग्यांमुळे ऊब जास्त मिळते.

८. धुवा, वाळवा, मगच मापा

बहुतेक जणी इथे घाई करतात. सुईवर असताना पट्टी लावतात किंवा तुकडा उतरल्या उतरल्या. कपडा धुतल्यावर बदलणार असेल तर तुकडाही धुऊनच मापायला हवा.

कोमट पाण्यात लोकरीचा सौम्य साबण घाला, तुकडे पंधरा मिनिटं भिजू द्या, पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. सपाट जागी पसरून वाळवा. खऱ्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणं दोन्ही वर्ज्य. ती आटून नमद्यासारखी होते आणि मग काहीही करता येत नाही. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री टेकवू नका. वीण कायमची चपटी पडते, लवचीकपणा जातो, आणि बॉर्डर तर बॉर्डर राहतच नाही. खात्री करायची असेल तर टाकाऊ तुकड्याच्या एका कोपऱ्यावर इस्त्री टेकवून बघा, पुन्हा कधी मोह होणार नाही. पावसाळ्यात कोकणात हे तुकडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत; अर्धवट ओले मापू नका, पंख्याखाली ठेवा.

सुती धाग्याचा तुकडा असेल तर आणखी एक चाचणी. वाळल्यावर त्याला वरून दोन चिमटे लावून दोरीवर टांगा, खाली दोन चिमटे वजन म्हणून लावा, रात्रभर ठेवा. सकाळी उंची पुन्हा मापा. जेवढा उतरला तेवढा कुडताही उतरणार.

आता माप. तुकडा न ताणता टेबलावर ठेवा, पट्टी आडवी ठेवून १० सेंमीवर दोन टाचण्या खोचा, मधले टाके मोजा. अर्धा टाकाही मोजायचा. मग उभ्या ओळी. बॉर्डरच्या तुकड्याची रुंदी दोनदा लिहा: सैल असताना आणि अंगावर जेवढी ताणेल तेवढी ताणून.

९. मापावरून टाके

समजा सहा वर्षांच्या मुलीची छाती ६० सेंमी आहे. सैलपणासाठी ६ सेंमी धरले, म्हणजे घेर ६६. तुकड्यात १० सेंमीला २२ टाके आले. ६६ × २.२ = १४५.२, म्हणून १४६ टाके. पुढे ७३, मागे ७३, शिवणीसाठी दोन्हीकडे एकेक टाका वर.

आता हेच १४६ टाके, पण हात सैल आहे आणि १० सेंमीला २०च बसतात. घेर होतो ७३ सेंमी. हात घट्ट असून २४ बसले तर ६१ सेंमीच्या आत, म्हणजे सैलपणा संपला. दोन टाक्यांचा फरक तुकड्यावर किरकोळ वाटतो, स्वेटरवर तो एका मापाचा असतो. टाके जास्त बसत असतील तर सुई जाड करा, कमी बसत असतील तर बारीक. हात मुद्दाम सैल-घट्ट करायला जाऊ नका, ते तीन ओळी टिकतं.

टोपीचा हिशेब उलटा: बॉर्डरच्या विणीची टोपी डोक्यापेक्षा लहान हवी. डोकं ५४ सेंमी असेल तर टोपी ४८ च्या आसपास धरा. गोल सुईवर विणणार असाल तर तुकडाही गोल विणून मापा, कारण गोलात साधी वीण नुसत्या सुलट टाक्यांनी होते आणि बहुतेकांचे उलट टाके सुलटपेक्षा सैल असतात. दोन्हीचं माप वेगळं येतं.

लोकर किती आणायची तेही तुकडाच सांगतो. १२ × १२ सेंमीचा, म्हणजे १४४ चौरस सेंमीचा तुकडा ६ ग्रॅम भरला. मफलर २० × १५० सेंमी, म्हणजे ३००० चौरस सेंमी. ३००० भागिले १४४ गुणिले ६, उत्तर १२५ ग्रॅम. ५० ग्रॅमचे तीन गुंडे घ्या, आणि तिन्हींच्या लेबलवरचा लॉट नंबर एकच आहे हे दुकानातच तपासा. रंगाचं नाव एक असलं तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि ती दुकानातल्या पिवळ्या दिव्यात दिसत नाही.

१०. चिठ्ठी लावा आणि जपून ठेवा

तुकड्याच्या कोपऱ्यात सेफ्टी पिनने कागद लावा. त्यावर विणीचं नाव, ओळींची कृती, लोकर आणि लॉट, सुईचे मिलिमीटर, धुण्याआधीचं आणि नंतरचं माप, वजन. शेवटी तुमचं मत दोन शब्दांत: ‘मफलरला होय’, ‘बाळाला नको’, ‘लोकर खाते’. सहा महिन्यांनी आकड्यांपेक्षा ही शेरेबाजीच जास्त उपयोगी पडते.

सध्या चालू असलेल्या कामाचा तुकडा उसवू नका. बगलेशी लोकर संपली तर तेवढीच पाच-सात ग्रॅम कामाला येते. तुकड्यांचे चौकोन जोडून दुपटं करायचं मनात असेल तर एक अडचण येईल: तेवढ्याच टाक्यांचे असूनही बॉर्डरचा तुकडा अरुंद, चटईचा रुंद, वेणीचा आखडलेला. सगळ्यांभोवती क्रोशाने एक-दोन फेऱ्या घालून एका मापाचे करा, मग जोडा. आणि अॅक्रिलिकचे तुकडे गरम पातेल्याखाली ठेवू नका, वितळून चिकटतात. त्या कामाला सुती धाग्यातले साबुदाणा आणि सगळे-सुलट हे दोन तुकडे दुहेरी करून शिवा.